वाळक्या फांदीतलं बिऱ्हाड

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. रायपूरच्या चौबे कॉलनीत, मावशीच्या गच्चीवर, ओल्या कठड्याला टेकून मी उभी आहे. रात्री पहिला पाऊस पडून गेला आहे. गेले दोन महिने अनवाणी पाय ठेवू न देणारी फरशी आज तळव्यांना गार लागते आहे. खालच्या गल्लीत कुणीतरी झाडतंय, पण पाचोळा भिजल्यामुळे झाडूचा आवाज वर येत नाही.

माझं लक्ष समोरच्या कडुलिंबावर आहे. नीट सांगायचं तर त्याच्या एका फांदीवर. रस्त्याकडे झुकलेली ही मांडीएवढी फांदी तीन वर्षांपूर्वी वाळली. साल गळून ती आता हाडासारखी पांढरी पडली आहे. आठ वाजता ती तोडायला माणूस येणार आहे. मावशीनेच त्याला बोलावलं आहे आणि त्यात तिचं काही चुकलेलं नाही. शाळा सुरू झाल्या आहेत, पोरांना नेणाऱ्या रिक्षा नेमक्या तिच्याखाली उभ्या राहतात. जूनच्या वावटळीत ती मोडून पडली तर काय होईल, हे सांगायला नको.

पण काल संध्याकाळी मला त्या फांदीच्या पोटाशी, खोडापासून हातभर अंतरावर, एक गोल भोक दिसलं. कंपासने आखावं इतकं गोल. असं भोक तांबट पाडतो आणि तेही वाळक्या लाकडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. तांबटाची वीण उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच आटोपते. मग आता तिथं कोण राहतं, ते बघायला मी उजाडायच्या आत वर आले आहे.

पाच वीस. तारेवर एक पाखरू येऊन बसतं. चोचीत हिरवी अळी. अंग तांबूस-बदामी, पाठ राखाडी, आणि डोक्यावर तेल लावून मागे वळवल्यासारखे काळेभोर केस. भांगपाडी मैना. ती डावीकडे बघते, उजवीकडे बघते, फांदीखाली जाऊन उलटी लटकते आणि भोकात शिरते. आतून एकदम चिरचिराट उठतो. तीन तरी पिल्लं असावीत.

“काय बघून राहिली गं इतकी? चहा ठंडा होऊन राहिला.”

“मावशी, हळू बोल. फांदीत पिल्लं आहेत.”

“कोणाची?”

“भांगपाडी मैनेची.”

मावशी कप कठड्यावर ठेवते, पदराने चष्मा पुसते, पुन्हा बघते. “ही तर रोज आपल्या कण्हेरीवर असते. मला वाटलं, साळुंकीचंच लहान पोर आहे.”

साळुंकीचं पोर नव्हे. पण तिचा घोटाळा मला समजतो. या गल्लीत तीन मैना आहेत आणि तिघी इतक्या जवळच्या की नवख्याचा घोटाळा होतो. साळुंकी सगळ्यांच्या ओळखीची: तपकिरी, डोळ्यामागे पिवळा पट्टा, उडताना पंखांवर पांढरा ठिपका. कवडी मैना काळी-पांढरी, डोळ्याभोवती नारिंगी कातडी, चोच बुडाशी केशरी. हिंदीत तिला अबलक म्हणतात. आणि ही भांगपाडी, जिला इथले लोक पवई म्हणतात. तिघी किडे खातात, तिघी फळं खातात, तिघींना माणसाचा शेजार चालतो, तिघींची पिल्लं साधारण याच दिवसांत घरट्यात असतात. एका गल्लीत, एकाच पावसात, एकाच कामाच्या तिघी.

हे जमतं कसं, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

पावणेसहाला खालून भांडी घासणाऱ्या बाईंची हाक येते, “दाई, बतर कीरा निकले हे!” मी जिन्याने खाली धावते. तुळशीवृंदावनाच्या पायाशी जमीन उकलली आहे आणि भेगेतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते आहे. आधी शेकड्यांनी, मग मोजता येणार नाही इतकी. पातळ काचेच्या चकत्यांसारखे पंख, खाली पिवळसर मऊ अंग. काही हवेत, काही नुसतीच जमिनीवर भिरभिरत. पाच मिनिटांत अख्खी गल्ली गोळा होते. दोन कावळे, एक कोतवाल, बुलबुलांची जोडी, चिमण्या, भिंतीवरचा सरडा. आणि तिन्ही मैना. साळुंक्या चार, कवड्या तीन आणि गच्चीवरून पाहिलेली ती भांगपाडी, आता जोडीदारासकट.

सगळे एकच अन्न खातायत, एकाच जागी, खांद्याला खांदा लावून. साळुंकीच्या पायाशी कवडी टिपते आहे, कवडीच्या शेपटीमागे भांगपाडी. कुणी कुणाला हुसकावत नाही. तेवढी फुरसतच नाही कुणाला. कुणी आता हे दृश्य बघून म्हणालं, की या तिघींचं पोट अगदी सारखं आहे, तर मला ते खोडून काढता येणार नाही.

मात्र ही अर्ध्या तासाची पंगत आहे. भरल्या ताटावर फरक दिसत नाही. पक्ष्यांच्या अभ्यासकांना हे फार पूर्वी कळलं आहे: सुगीत सगळे एकच खातात, आणि कोण कशात तरबेज आहे हे टंचाईत दिसतं. म्हणून मी जागची हलत नाही. वाळवी संपायची वाट बघते.

साडेसहाला ती संपते. अंगणात नुसते पंख उरतात, वाऱ्याने एका कोपऱ्यात सरकलेले. कावळे जातात. आणि आता, जणू घंटा झाल्यासारख्या, तिन्ही मैना आपापल्या कामाला लागतात.

कवडी मैना जाते शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. तिथं नळाची गळती वर्षानुवर्षं आहे, जमीन कायम ओली. मी कुंपणाला नाक लावून बघते, ती माझ्यापासून पंधरा पावलांवर आहे. ती चोच मिटून चिखलात खुपसते आणि मग आत गेलेली चोच उघडते. कात्री उलटी चालवावी तशी. माती दोन्हीकडे सरकते, मध्ये फट पडते, आणि ती त्या फटीत डोकावते. तिच्या जबड्याचे स्नायू या कामासाठी घडलेले आहेत. चोच मिटण्याइतकंच जोर लावून उघडणंही त्यांना जमतं. डोळेही असे बसलेले की दोन्ही चोचींमधली फट तिला सरळ दिसते. चौथ्या खेपेला ती एक जाड पांढरी अळी ओढून काढते. वरून ही अळी दिसण्याची सोय नव्हती. साळुंकी तिच्यावरून दहा वेळा चालत गेली असती.

साळुंकीची रीत वेगळी. ती रस्त्याच्या कडेच्या गवतातून चालत निघाली आहे, पाटलांसारखी, मान ताठ. समोरून एक गाय येते आणि साळुंकी तिच्या तोंडापाशी जाते. गाईच्या पावलाने टोळ उडाला की उडी मारून धरते. तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘अ‍ॅक्रिडोथेरेस’ या शब्दाचा अर्थच टोळांची शिकारी असा आहे. ती खणत नाही. हलेल ते टिपते. आणि टिपायला काही नसेल तर कचरापेटीतली पोळी, शाळकरी पोरांनी सांडलेले पोहे, काहीही तिला चालतं. माणूस जिथं राहतो तिथं तिचं भागतं.

भांगपाडी जमिनीवर थोडीच रेंगाळते. तिचं खरं काम वर, पानांत. आत्ता ती भिंतीलगतच्या पिवळ्या कण्हेरीवर आहे, जिला आपण बिट्टी म्हणतो. कण्हेरीचं फळ बऱ्याच प्राण्यांना विषारी. मावशीने लहानपणी आम्हाला त्याला हातही लावू दिला नाही. भांगपाडी मैना ते फळ खाते, हे पक्षीअभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. इथं तर मावशीने ‘रोज कण्हेरीवर असते’ म्हणून ते आपणहून सांगितलं. फाल्गुनात काटेसावर फुलली की हीच मैना फुलात डोकं घालून रस पिताना दिसते आणि तिचं कपाळ परागांनी पिवळं होतं.

म्हणजे अंगण एक, पण तिघींनी ते उभं-आडवं वाटून घेतलं आहे. मातीच्या आत कवडी, मातीच्या वर साळुंकी, झाडात भांगपाडी. सीमा आखीव नाहीत. भांगपाडी खाली येते, साळुंकीही फळं खाते. पण अडचणीच्या दिवसांत मागे हटायला प्रत्येकीला स्वतःची एक जागा आहे.

सव्वासात. फांदीपाशी गडबड होते. एक साळुंकी थेट भोकावर येऊन लटकते. आत डोकं घालते. पिल्लं तिला आई समजून ओरडतात. मी अक्षरशः श्वास रोखून धरते. साळुंकी भांडखोर आहे. भोकांसाठी ती दुसऱ्याची अंडी-पिल्लं फेकून देते. ती खांदे रेटते, पंख फडफडवते, पुन्हा रेटते. डोकं जातं, खांदे जात नाहीत. तांबट हा मुठीत मावेल एवढा पक्षी, त्याने दार स्वतःच्या मापाचं केलेलं. साळुंकीचं वजन शंभर ग्रॅमच्या वर, भांगपाडीचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन बोटांच्या या फरकावर आतल्या पिल्लांचा जीव तगून आहे. भांगपाडीची जोडी तारेवरून नुसती कर्कश ओरडते आहे. साळुंकी एक मिनिटभर झटते आणि उडून जाते.

ती जाते मावशीच्याच न्हाणीघराच्या भिंतीकडे. तिथं गिझरच्या पाइपासाठी पाडलेलं जुनं भोक आहे आणि त्यातून गवत, दोरा, प्लॅस्टिकची चिंधी बाहेर लोंबते आहे. तिचं बिऱ्हाड तिथं आहे. मग फांदीवर कशाला आली? जागेची हाव, दुसरं काय. चांगलं भोक ही या शहरात फार थोडी उरलेली वस्तू आहे.

आणि कवडी मैना या भांडणात कुठंच नाही. साळुंक्यांच्या नि मैनांच्या बहुतेक जाती भोकात, ढोलीत घरटं करतात. कवडी उघड्यावर करते. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर, लोखंडी अँगलच्या बेचक्यात, तिचं घरटं आहे: गवताचा भला मोठा, विस्कटलेला गोळा, बाजूला दार. बघणाऱ्याला वाटेल, कुणी पेंढ्याचं ओझं वर फेकलंय. ढोलीसाठी ती कुणाशी भांडत नाही, कारण तिला ढोली लागतच नाही. तिन्ही बहिणींतला सगळ्यात मोठा तंटा तिने असा मिटवून टाकला आहे.

इथं मला एक सावधगिरीचं बोलायला हवं. तो तिने भांडणाला कंटाळून मिटवला की तिच्या घराण्यातच ती रीत आधीपासून होती, हे अंगणात उभं राहून सांगता येत नाही. दोन जातींत फरक दिसला की तो स्पर्धेतूनच आला असं धरून चालण्याची खोड शास्त्रज्ञांनाही होती आणि पुढे त्यावर वादही झाले. फरक कुठून आला हा एक प्रश्न, आज तो काय काम करतो हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मावशीच्या दिवाणखान्यात भिंतीत एक कोनाडा आहे. जुन्या घराची खूण. त्यात पितळी समई बसते, बरोब्बर तेवढीच. शेजारी उदबत्तीचं घरही मावत नाही. सजीवाच्या निसर्गातल्या जागेला मराठीत कोनाडा हा शब्द वापरतात आणि तो नुसता भाषांतराचा शब्द नाही. इंग्रजीतला मूळ शब्दही भिंतीतल्या कोनाड्याचाच. अमेरिकेतल्या जोसेफ ग्रिनेल यांनी 1917 साली कॅलिफोर्नियातल्या एका पक्ष्याबद्दल लिहिताना तो या अर्थाने वापरला. पुढे 1934 मध्ये मॉस्कोच्या गाउझे या विशीतल्या तरुणाने काचनळीत प्रयोग करून दाखवला. पॅरामीशियम या एकपेशीय जिवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच खाण्यावर ठेवल्या. थोड्या दिवसांत एक उरली, एक संपली. मग त्याने जोडी बदलली. या वेळी दोघी टिकल्या, कारण एक नळीच्या वरच्या भागात तरंगते जिवाणू खात होती आणि दुसरी तळाशी बसलेलं यीस्ट. नळी तीच. पण वरचा भाग आणि तळ हे दोन कोनाडे झाले होते.

माझ्या मनात यातली एकच गोष्ट घर करून बसली आहे. नळीला तळच नसता, तर? सगळं पाणी ढवळून एकसारखं केलं असतं, तर? जिवांचं शहाणपण पुरत नाही. जागेत वेगळेपणा असावा लागतो.

बरोबर आठला माणूस येतो. सायकलला शिडी बांधलेली, खांद्यावर दोर, हातात करवत.

“दाई, ए डारा ला काट देबो?”

मावशी माझ्याकडे बघते. मग त्याच्याशी छत्तीसगढीत बोलते. आत बाईंशीही तीच भाषा, भाजीवाल्याशी हिंदी, आणि देवघरात, माझ्याशी आणि पलीकडच्या महाराष्ट्र मंडळात मराठी. तिचे आजेसासरे नागपूरकडून इथं आले. मंडळ 1935 सालचं. तिन्ही भाषा तिच्या तोंडात इतक्या सुखाने राहतात, की तिला त्या बदलल्याचं कळतही नाही.

“चिरई के पिला हावय,” ती त्याला सांगते. तो शिडी लावतो, वर चढतो, भोकाला कान लावतो आणि हसतो. खाली उतरून दोर खोडाला बांधतो आणि आम्हाला समजावतो: धोका खरा पुढच्या लांब भागाचा आहे, खोडाजवळचा हातभर तुकडा भक्कम आहे. भोकाच्या पुढे दोन वीत सोडून कापू. पुढचा भाग दोराला बांधून हळू उतरवू. मावशीला पटतं. मला पटतं आणि पटतही नाही. करवतीने फांदी हादरेल, जोडी घाबरून परतलीच नाही तर? पण खालून रिक्षा जाते आहे, त्यात सात पोरं दाटीवाटीने बसली आहेत. त्या पोरांकडे बघून मी गप्प राहते.

करवत चालते. पांढरा भुसा ओल्या रस्त्यावर पडतो. भांगपाडीची जोडी तारेवर, चोचीत अळी धरून, ओरडते आहे. अळी तोंडात असताना ओरडता येतं हे मी पहिल्यांदाच बघते आहे. पिल्लं चिडीचूप. वीस मिनिटांत लाकूड कडाडतं, दोर ताणला जातो आणि फांदीचा पुढचा भाग झुलत झुलत खाली येतो. माणूस शिडी काढून बाजूला होतो. आम्ही तिघं कुंपणाच्या आत जाऊन उभे राहतो.

एक मिनिट. तीन. सात. मावशी पुटपुटते आहे, बहुतेक रामरक्षा. अकराव्या मिनिटाला मादी, किंवा नर असेल, दिसायला दोघं सारखेच, तुटक्या टोकावर येऊन बसतं. नव्या कापाकडे मान वाकडी करून बघतं. आणि खाली लटकून आत जातं.

चिरचिराट पुन्हा सुरू होतो. माणूस डोक्यावरचा गमछा सोडून तोंड पुसतो.

दहाच्या सुमाराला मी करबला तालाबाकडे चालत जाते. रायपूर हे तलावांचं शहर, आणि हा कॉलनीजवळचा. काठावर उभं राहिल्याबरोबर मला दूरच्या एका तळ्याची आठवण येते. सिसिलीत पालेर्मोजवळच्या डोंगरावर सांता रोसालिया या संतिणीची गुहा आहे आणि तिच्याखाली एक छोटं तळं. जी. एव्हलिन हचिन्सन या परिसरशास्त्रज्ञाला त्यात एकाच कुळातले दोन पाणकिडे सापडले, एक मोठा, एक लहान. मोठ्याचा अंडी घालायचा हंगाम संपत आला होता, लहानाचा सुरू होत होता. तेवढ्यावरून त्यांनी प्रश्न विचारला, की जगात प्राण्यांच्या इतक्या जाती का? 1959 साली छापलेलं ते व्याख्यान अजून वाचलं जातं. तळं लहान असलं तरी प्रश्न केवढा मोठा विचारता येतो, हे मला त्यातून कळलं.

इथल्या पाण्यावर आत्ता तीन खंड्या आहेत. कवड्या खंड्या, काळा-पांढरा, पाण्याच्या मधोमध हवेत एका जागी पंख मारत थांबतो आणि सरळ खाली कोसळतो. त्याला बसायला फांदी लागत नाही, म्हणून मधलं पाणी त्याचं. छोटा निळा खंड्या काठाच्या वाकलेल्या फांदीवर, पाण्यापासून हातभर उंच; तो बोटाएवढे मासे धरतो, पण ती फांदी हवीच. आणि पांढऱ्या छातीचा खंड्या पाण्याकडे पाठ करून विजेच्या तारेवर बसला आहे. त्याचं लक्ष गवतातल्या सरड्यावर आहे. पाण्यावाचूनही त्याचं चालतं.

छोटा निळा खंड्या मला फक्त झाडीच्या, मातीच्या काठाला दिसतो. जिथं काठ दगडाने बांधून, रेलिंग लावून, फरशी घालून नीटनेटका केला आहे, तिथं तो नाही. तिथं वाकलेली फांदी नाही, बीळ करायला मातीचा कडा नाही, वंचक बगळ्याला उभं राहायला उथळ चिखल नाही. फरशीवर दोन साळुंक्या मात्र आहेत, आणि कबुतरं.

सुशोभीकरण या शब्दाशी माझं भांडण आहे ते या जागी. शहरी माणसाची स्वच्छतेची ओढ मला समजते. मलाही चिखलात पाय घालायला आवडत नाही. पण आपण तलावाचा काठ सरळ करतो, मोकळ्या प्लॉटवर पेव्हर ब्लॉक बसवतो, गळका नळ दुरुस्त करतो, वाळकी फांदी तोडतो, भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवतो. प्रत्येक काम एकेकटं बघितलं तर योग्य असतं. सगळी मिळून मात्र ती काचनळी ढवळून टाकतात. मग तीन मैनांच्या जागी एक उरते. तिन्हींतली कुठली, ते सांगायला अभ्यासकाची गरज नाही.

साळुंकीबद्दल मला राग नाही. या अंगणात ती दोघी बहिणींबरोबर सुखाने राहते. हीच साळुंकी 1862 च्या सुमाराला माणसाने ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नेली, भाजीच्या मळ्यांतले किडे खाण्यासाठी. तिथं तिला ओळखणारं, तिच्याशी आपली जागा बेतून घेतलेलं कुणी नव्हतं. तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या तिने बळकावल्या. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आगंतुक जातींच्या यादीत आज तिचं नाव आहे. इथं मात्र तिला अडवायला तांबटाने कोरलेलं एक भोक पुरतं.

आणि या राज्याला आणखी एक मैना आहे, जी मी या गल्लीत कधीच पाहणार नाही. पहाडी मैना, छत्तीसगढचा राज्यपक्षी. ती बस्तरच्या जंगलात, कांगेर घाटीकडे, उंच झाडांच्या शेंड्यात फळं खाते, जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करते आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. तिचा कोनाडा इतका उंच आणि इतका नेमका की जंगल गेलं की तिला दुसरीकडे जायला जागा नाही. चौबे कॉलनीच्या तिघी निदान तडजोड करू शकतात.

संध्याकाळी पावणेसातला मी आणि मावशी कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली उभ्या आहोत. दिवसभर आपापल्या वाटेने गेलेल्या मैना परत येतायत. चारच्या, सहाच्या, दहाच्या टोळीने. साळुंक्या येतात, कवड्या येतात, पोपट आरडत येतात, कावळे आधीच वर बसलेत. एकाच पिंपळावर. कालवा इतका की मावशीला माझ्या कानात बोलावं लागतं. विणीचे दिवस असल्याने निम्म्या घरट्यावरच थांबल्या असणार; हिवाळ्यात इथं याच्या कितीतरी पट गर्दी असते, असं मावशी सांगते.

पुण्यात माधव गाडगीळांनी अशाच मिश्र रातथाऱ्यांचा अभ्यास केला. 1972 मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं, 1975 मध्ये सालिम अलींच्या सोबतीने मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा लिहिलं. वेगवेगळं खाणारे पक्षी एकत्र झोपतात, तर त्यामागे फक्त अन्नाची खबर मिळवणं हे कारण पुरेसं नाही. रात्री शत्रूपासून बचाव व्हावा, इकडे त्यांचा रोख होता. पुढे अनिल महाबळ यांनी पुण्याच्याच साळुंक्यांच्या रातथाऱ्यांच्या वर्षभराच्या नोंदी ठेवल्या. पिंपळाखाली उभं राहून मला त्या कामाची किंमत कळते आहे: पाखरं मोजायची म्हणजे रोज, याच वेळी, मान वर करून, अंगावर शिट झेलत.

दिवसा वेगळं राहता आलं म्हणून रात्री एकत्र येता येतं, असं मावशी म्हणते. मी तिला उत्तर देत नाही. मला वाटतं, तिचं बरोबर आहे.

अंधार पडतो. घरी येताना आम्ही कडुलिंबाखाली थांबतो. कापलेल्या टोकावर लाकूड ताजं, पिवळट दिसतं. भोकातून आवाज नाही. टॉर्च मारायचा मोह होतो, मावशी माझा हात धरते.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. तुमच्या अंगणात, सोसायटीत, शाळेच्या आवारात वाळकी फांदी असेल, तर ती फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात तोडू नका. धोका असेल आणि थांबता येत नसेल, तर आधी दहा मिनिटं तिच्याखाली गप्प उभे राहून ऐका. दिवाळीनंतर तोडलीत तरी खोडाजवळचा हातभर तुकडा राहू द्या. तांबटाला भोक कोरायला तेवढा पुरतो.